वाकडं अंगण

मुलांनो, जरा एक चित्र डोळ्यांसमोर आणा. टेबलावर एक पसरट भांडं आहे आणि त्याच्या तळाशी कोटाचं एक काळं बटण पडलेलं आहे. आता हळूहळू मागे सरका. आणखी थोडं. भांड्याचा काठ मध्ये येऊन बटण दिसेनासं झालं की थांबा, आणि मान जराही हलवू नका. आता कोणीतरी भांड्यात पाणी ओततंय असं समजा. पाणी चढत जातं, आणि बघता बघता ते बटण काठावरून तुमच्याकडे डोकवायला लागतं. बटण जागचं हललेलं नाही. तुम्हीही हलला नाहीत. मग हललं कोण?

हा प्रश्न गल्लीतल्या पोरांना विचारून मिशीत हसणारे एक आजोबा होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत भिंतभर फ्रेमा, एक उभा आरसा आणि लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. तिथे त्यांची सून बसायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून "सरळ बघा, माझ्या कपाळाकडे" असं सांगणं तिचं काम. मागच्या खोलीत आजोबांची कार्यशाळा. खिडकीशी लांबलचक टेबल, पाण्याच्या धारेखाली काच घासणारं चाक, ओल्या भुकटीचा वास, आणि टेबलाच्या एका टोकाला मऊ हिरवं कापड, घासून तयार झालेली भिंगं ठेवायला. त्या कापडावर भिंग आणि भिंगाची ताटली यांशिवाय दुसरं काही ठेवलेलं आजोबांना खपत नसे. चहाचा कप तर नाहीच नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी गल्लीतली चार पोरं त्यांच्याभोवती जमायची आणि आजोबा बटणाचं भांडं काढायचे. हललं कोण, या प्रश्नाचं उत्तर ते एकदम देत नसत. आधी ते पोरांना सांगायचे, की समजा मी आणि माझी सून एक मोठी थोरली काच दोन टोकांना धरून चाललो आहोत. पक्क्या रस्त्यावर दोघांची चाल सारखी. पुढे वाटेत वाळू पसरलेली आहे, आणि आम्ही तिच्यात तिरके शिरतो. माझा पाय आधी वाळूत रुततो आणि मी मंदावतो. ती अजून रस्त्यावरच, ती आपली झपझप चालते आहे. तर आता काचेचं काय होईल?

"फुटेल," असं एक तरी पोर हमखास म्हणायचंच.

"फुटणार नाही रे शहाण्या. वळेल."

उजेडाचंही तसंच, ते सांगायचे. हवेत तो झपझप चालतो, पाण्यात मंदावतो, काचेत आणखी मंदावतो. एकातून दुसऱ्यात तिरका शिरला की मग वळल्याशिवाय राहत नाही. डोळ्याला मात्र हे वळण कोणी कळवत नाही. डोळ्याला वाटतं, आला तो उजेड नाकासमोर सरळ आला असणार. म्हणून तो वस्तू सरळ रेषेत शोधतो, आणि वस्तू असते भलतीकडेच. पाण्यात बुडवलेला चमचा मोडल्यासारखा दिसतो तो यामुळेच. तेव्हा चमच्याला नावं ठेवू नका आणि डोळ्यालाही ठेवू नका. आधी विचारा, की वाटेत उजेड कुठे वळला.

हे वाक्य त्यांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांना ऐकवलं होतं. स्वतःला ऐकवायचं तेवढं राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आजोबांना एक नात होती. मुलगा नोकरीनिमित्त दूरगावी, त्यामुळे घरात आजोबा, सून आणि ही चिमुरडी एवढीच माणसं. पोरीला बाहुल्यांचं वेड नव्हतं की खेळभांड्यांचं. तिला वेड होतं एका आवाजाचं. फ्रेम जराशी गरम करून तिच्यात आतून भिंग दाबलं, की ते खाचेत बसताना 'टक्' असा बारीक आवाज होतो. त्या 'टक्'साठी ती लहानपणापासून स्टुलावर उभी राहून आजोबांच्या हातांकडे बघत बसायची. एकदा तरी मला बसवू द्या, असा तिचा रोजचा धोशा. आजोबांनी तिला शब्द दिला होता. ते म्हणाले होते, की भिंगाच्या कामाला शांत हात लागतो. तुझे हात शांत झाले, की एक काच तू बसवायचीस. तेव्हापासून ती कुठेही बसली तरी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, न हलवता, शांत करत बसायची. तिची आई म्हणायची, ही काय देवळातली मूर्ती होणार आहे का?

मग शाळेत तिला फळा दिसेना. डॉक्टरांनी तपासलं, नंबर बराच निघाला. दूरचं न दिसणाऱ्यांचं भिंग मध्ये पातळ आणि कडेला जाड असतं. हिच्यासाठी तर ते कडेला चांगलंच जाड घासावं लागणार होतं. आजोबांनी ते काम मोठ्या मायेनं केलं. सगळी दुपार चाकापाशी बसले. फक्त फ्रेम निवडताना त्यांनी केलं ते आपल्याकडे घरोघरी करतात तेच. मुलांचे कपडे आपण कसे घेतो? वाढत्या अंगाचे. सदऱ्याची बाही आज बोटांवर येते, पुढच्या वर्षी मनगटावर येईल. तशी आजोबांनी नातीला फ्रेमही वाढत्या अंगाची घेतली. आज नाकावरून जरा घसरेल, पण नाक काय, वाढेलच की. एवढी जपून घासलेली भिंगं वर्षभरात टाकून द्यायची, हे त्यांच्या जिवावर आलं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच बिनसलं. प्रत्येक भिंगाला एक मध्य असतो. त्या मध्यातून बघितलं तर उजेड सरळ डोळ्यात येतो. मध्याच्या वरून किंवा खालून बघितलं तर भिंग त्याला वळवतं, आणि भिंगाची कड जितकी जाड तितकं जास्त. म्हणून दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला फ्रेम चढवून समोर बसवायचे आणि डोळ्याची बाहुली जिथे येईल तिथे शाईचा बारीक ठिपका द्यायचे. भिंगाचा मध्य त्या ठिपक्यावर आला पाहिजे, हा दुकानाचा धर्म. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला बसवायचं आणि ठिपका दिल्याशिवाय सोडायचं नाही.

नातीला मात्र कोणी बसवलं नाही. ती शाळेत होती, आणि आजोबांना तिचा चेहरा पाठ होता. घरच्या पोरीला काय मोजायचं? शिवाय फ्रेम वाढत्या अंगाची. त्यांनी विचार केला तो ती फ्रेम उद्या नाकावर नीट बसेल तेव्हाचा, आणि ठिपकेही दिले ते उद्याच्याच चेहऱ्याचे. उद्याचा चेहरा यायला अजून अवकाश होता. तोवर चष्मा घसरत राहिला आणि भिंगाचे मध्य पोरीच्या डोळ्यांच्या खाली लोंबत राहिले.

त्या घरात सांडासांडी सुरू झाली ती तेव्हापासून. पोरगी पेला टेबलावर ठेवायला जायची आणि पेला टेबलाच्या कडेवर आपटायचा. जिना चढताना पायरीला ठेच लागायची. दाराची कडी पकडायला जावं तर हात कडीच्या खाली. गंमत अशी, की सावकाश, हाताकडे बघत केलं की सगळं व्यवस्थित जमायचं. घाईत, खेळताना, दुसरीकडे बघत काही केलं की आपटलंच. यावरून मोठ्या माणसांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला, की पोरगी धांदरट आहे, लक्ष देत नाही. आजोबांनी तिला नाव ठेवलं सांडूबाई. चिडवायला ठेवलं, लाडानंच ठेवलं. पण लाडाचं नाव घराबाहेर पडलं की त्यातला लाड उंबऱ्याच्या आतच राहतो. गल्लीतून ते शाळेत गेलं आणि शाळेत सगळे तिला त्याच नावानं ओळखू लागले.

तिनं सांगून बघितलं नाही असं नव्हे. एकदा जेवताना पाण्याचा तांब्या लवंडल्यावर ती म्हणाली होती, "आजोबा, टेबल दिसतं तिथे नसतं हो. ते वरच असतं."

आजोबा खदखदून हसले होते. "नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं," ते म्हणाले होते, आणि सूनही हसली होती.

पोरीनं पुन्हा तो विषय काढला नाही. तिनं आपला आपण एक उपाय शोधून काढला. काहीही खाली ठेवायच्या आधी ती करंगळी पुढे काढायची, करंगळीनं टेबल चाचपायची आणि मगच हातातली वस्तू टेकवायची. आजोबांना त्यातही गंमत वाटली. आल्या बघा राणीसाहेब करंगळी काढून, असं ते म्हणायचे. मग ती चारचौघांत करंगळी मिटून घ्यायची, आणि पुन्हा काहीतरी आपटायचं.

समोरच्या घड्याळजींच्या चष्म्याचा प्रसंग यानंतरचा. घड्याळजी हे आजोबांचे जुने दोस्त. भिंगाशिवाय त्यांचं काम चालत नसे, आणि चष्मा फुटल्यामुळे ते आपल्या दुकानात हात चोळत बसले होते. आजोबांनी त्यांचं भिंग तातडीनं घासलं, एका छोट्या ताटलीत ठेवलं आणि नातीला म्हणाले, हे त्या हिरव्या कापडावर नेऊन ठेव. तिच्या शांत हातांची ती पहिली परीक्षा होती, आणि तिला ते कळलं होतं. ती आनंदानं निघाली. चारचौघांत असते तशी करंगळी मिटलेली होती. ताटली टेबलाच्या कडेला लागली, भिंग उसळलं आणि फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले.

आजोबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं. ते खाली वाकले, तुकडे गोळा करू लागले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे. हे हात भिंगाचे नाहीत."

त्या दिवसापासून पोरगी कार्यशाळेत येईना. कोणी तिला मनाई केली नव्हती, पण ती दाराबाहेरच्या पायरीवर बसायची आणि तिथूनच 'टक्' ऐकायची. गुडघ्यांवर हात ठेवून बसणं तिनं सोडून दिलं होतं. आता हात काखेत असायचे.

पुढे एका सुट्टीच्या सकाळी आजोबांनी पोरांसाठी बटणाचं भांडं काढलं. त्या दिवशी त्यांनी आपला एक जुना खेळ लावला, या पोरांना नवा. एक बारीक लांब काडी घ्यायची, कानाजवळ धरायची आणि एकाच दमात पाण्यातल्या बटणावर टोचायची. हात मध्ये थांबवायचा नाही आणि काडीकडे बघायचं नाही. नजर फक्त बटणावर. एकेका पोरानं टोचलं, आणि एकेकाची काडी बटणाच्या पलीकडे जाऊन तळावर आपटली. तसंच व्हायला हवं होतं. पाण्यातून बाहेर येताना उजेड वळतो, बटण आहे त्यापेक्षा वर उचललेलं दिसतं, आणि वर दिसणाऱ्या बटणावर नेम धरला की काडी त्याच्या डोक्यावरून जाते. पोरं एकमेकांना हसत होती. आजोबाही मजेत होते. कोणाचाच नेम लागणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"आता सांडूबाईला द्या," एक पोर म्हणालं. "ती भांडंच पाडेल."

नात पायरीवरून उठायला तयार नव्हती. आईनं मागून जरा ढकललं तेव्हा कुठे ती आली. तिनं चष्मा वर केला नाही, काही नाही. काडी कानाशी धरली, बटणाकडे बघितलं आणि टोचली. काडी नेमकी बटणाच्या मधोमध बसली.

पोरांचा एकच गलका झाला, की लागलं ते नशिबानं, परत करून दाखव. तिनं परत केलं. काडी परत बटणावर.

आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं ते तेव्हा. त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की तू नेम कुठे धरलास? तिला वाटलं, आपण काहीतरी नियम मोडला. ती चाचरत म्हणाली, की काही नाही केलं, जिथे दिसलं तिथेच टोचलं.

जिथे दिसलं तिथेच टोचलं तर चुकायला हवं. सगळ्या पोरांचं तसंच चुकलं होतं. आजोबांच्या सगळ्या आयुष्यात पहिल्या फटक्याला कोणाचा नेम लागला नव्हता. पाणी बटणाला वर उचलतं. म्हणजे पाण्यानंतर, डोळ्यापर्यंत पोचायच्या आधी, उजेड आणखी एकदा वळला असला पाहिजे, आणि वळून त्यानं बटण पुन्हा खाली आणलं असलं पाहिजे. दोन चुका एकमेकींना पुसून गेल्या होत्या. पाण्यानंतर आणि डोळ्याच्या आधी वाटेत दुसरं होतंच काय?

त्यांनी खेळ आवरता घेतला. पोरं कुरकुरत घरी गेली. आजोबांनी नातीला पुढच्या खोलीत नेलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. ती त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. सरळ बघ, माझ्या कपाळाकडे, ते म्हणाले. पोरीनं सवयीनं चष्मा वर ढकलला.

"वर करू नकोस. नेहमी असतो तसा असू दे."

"पण तुम्हीच तर सारखे म्हणता, चष्मा वर कर."

चष्मा त्याच्या नेहमीच्या जागी घसरेपर्यंत आजोबा थांबले, आणि तिच्या बाहुल्या जिथे आल्या तिथे दोन्ही काचांवर शाईचे ठिपके दिले. मग चष्मा घेऊन ते कार्यशाळेच्या खिडकीशी गेले. भिंगाचा मध्य कसा शोधतात ते त्यांना काही नव्यानं शिकायचं नव्हतं. भिंगातून खिडकीच्या गजाकडे बघायचं. मध्यातून बघितलं की भिंगाबाहेरचा गज आणि भिंगातला गज एका रेषेत येतात. मध्य चुकला की गज तुटल्यासारखा दिसतो. त्यांनी आडव्या गजाकडे बघितलं. शाईच्या ठिपक्यापाशी गज तुटलेला होता. ठिपक्यापासून मुगाचा दाणा बसेल एवढं खाली गेल्यावर तो जुळला.

एक मुगाचा दाणा. तेवढ्यानं टेबलं खाली गेली होती, पायऱ्या खाली गेल्या होत्या, दाराच्या कड्या खाली गेल्या होत्या. शिवाय चष्मा कधी इतका घसरायचा, कधी तितका, म्हणून हातानं एक चूक शिकून घ्यावी म्हटलं तर तेही होईना. आजोबांना एकेक पेला आठवला. पायऱ्यांवरची ठेच आठवली. काढलेली करंगळी आठवली, आणि मिटलेलीही. अंगण वाकडं आहे असं पोरगी सांगत होती ते खोटं नव्हतं. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारा माणूस पलीकडे बसून हसत होता.

सुनेला त्यांनी सगळं सांगितलं. तिनं चष्मा हातात घेतला, एकदा गजाकडे बघितलं आणि तो टेबलावर ठेवला. मग ती म्हणाली, "बाबा, परक्या माणसाला आपण इथे दोन-दोनदा बसवतो." आवाज चढलेला नव्हता. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं, की हसले तर मीही होते. पण त्यानं आजोबांचं ओझं हलकं झालं नाही.

त्याच दिवशी त्यांनी नवी भिंगं घासायला घेतली. फ्रेम निवडली ती आजच्या नाकाची, साधी आणि लहान. पुढच्या वर्षी टाकून द्यावी लागली तर लागली. भिंगाचे मध्य त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले. चष्मा तयार झाला तेव्हा त्यांनी नातीला हाक मारली. ती दारापर्यंत आली आणि पायरीवर थांबली. आत काही तिनं पाऊल टाकलं नाही. मग आजोबाच उठले आणि गुडघ्यांवर हात टेकत पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी तिला सगळं समजावलं. पोरांना समजावतात तसंच, पाण्यापासून सुरुवात करून, फक्त यात विनोद नव्हते. भिंगाचा मध्य कुठे होता आणि कुठे हवा होता, ते त्यांनी जुन्या चष्म्यावर बोट ठेवून दाखवलं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते माझे हात नव्हते?"

"नव्हते. हात शांतच होते. चूक माझी होती, बाळा."

"घड्याळजींची काच फुटली तीपण?"

"तीपण माझ्यामुळे."

पोरगी जुना चष्मा हातात फिरवत राहिली. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं पुढचं विचारलं ते रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "तुम्ही सगळ्यांना सांगता, आधी विचारा, उजेड कुठे वळला. मग माझ्या वेळी का नाही विचारलंत?"

आजोबा उत्तर शोधू लागले. चेहरा पाठ होता असं सांगावं, तर पाठ असलेल्या चेहऱ्याकडे आपण बघितलंच नाही हे सांगावं लागलं असतं. लाडानं म्हणायचो असं सांगावं, तर शाळेतून ते नाव परत आणून द्यावं लागलं असतं. चष्मा त्यांनी नवा केला होता. नावाला कुठलं चाक लावणार? घासलेली काच जशी पुन्हा जाड करता येत नाही, तसं काही काही बोललेलं मागे घेता येत नाही, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते आठ-नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं तरी कसं?

"विचारायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांनी नवा चष्मा तिच्या नाकावर चढवला. तो घसरला नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मग उठली. थेट कार्यशाळेत न जाता ती आधी कोपऱ्यात ठेवलेल्या बटणाच्या भांड्यापाशी गेली. काडी घेतली, कानाशी धरली आणि एका दमात टोचली.

काडी बटणाच्या पलीकडे जाऊन तळावर आपटली.

तिनं पुन्हा टोचली. पुन्हा पलीकडे. तिनं मागे वळून आजोबांकडे बघितलं. "आता माझंपण चुकतं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. आजोबाही हसले.

चाकापाशी एक तयार भिंग पुसून ठेवलेलं होतं. आजोबांनी ते त्याच छोट्या ताटलीत ठेवलं आणि ताटली तिच्यापुढे धरली. हे कापडावर ठेवतेस का, मग आपण फ्रेम गरम करू आणि तू बसव, एवढंच ते म्हणाले. पोरीनं आधी दोन्ही हात पाठीमागे नेले. आजोबांनी ताटली तशीच धरून ठेवली. आग्रह केला नाही, आणि मागेही घेतली नाही. पुढच्या खोलीत सून कोणाला तरी सरळ बघायला सांगत होती.

मग पोरगी उंबरा ओलांडून आत आली. तिनं ताटली घेतली आणि हिरव्या कापडापर्यंत चालत गेली. टेबल आता दिसत होतं तिथेच होतं. तरी टेबलाशी पोचल्यावर ती क्षणभर थांबली, ताटलीखालून करंगळी बाहेर काढली, कापडाला टेकवून बघितली, आणि मगच तिनं ताटली खाली ठेवली.